तीनशे बहात्तर किलो चिंध्या

पृथ्वीचं तापमान दीड अंशापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, ही जबाबदारी धनंजय खातूवर आली ती तो मीटिंगमधून सगळ्यात शेवटी उठला म्हणून. मोबाइलचा चार्जर टेबलाखालच्या सॉकेटमध्ये घट्ट बसला होता. तो उपटून धनंजय वर येईपर्यंत बाकी सगळे पसार झाले होते आणि समोर अर्बाब सालिम, म्हणजे कंपनीचे मालक, हातात एक जाडजूड पत्र घेऊन उभे होते.

"धनंजय," ते प्रेमाने म्हणाले, "हे क्लायमेटचं तू बघ. इन्शाल्ला."

अर्बाबांच्या इन्शाल्लापुढे कुणाचं काही चालत नाही हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत धनंजयला पाठ झालं होतं. तो गुहागरचा, बी.कॉम., 'सहर फॅशन्स'च्या मस्कतजवळच्या रुसैलमधल्या कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर. कारखान्यात काफ्तान, अबाया आणि युरोपातल्या बायका समुद्रावर घालतात तसले लांब झगे शिवले जात. निम्म्याहून जास्त माल युरोपातली एकच कंपनी उचलायची. त्या कंपनीला गेल्या वर्षी हवामानबदलाचा शोध लागला होता आणि शोध लागल्याबरोबर तिने सगळ्या कारखान्यांना पत्रं धाडली होती. कपड्यांच्या धंद्यामुळे पृथ्वीचं फार नुकसान होतं, तेव्हा तुम्ही सुधारा, असा मथितार्थ. पत्र कुरियरने आलं होतं, विमानाने.

धनंजयने सुधारणा मनापासून सुरू केली. एसी चोवीसवर आणला. प्रत्येक ईमेलच्या खाली 'छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा' ही ओळ घातली, आणि ती ओळ नीट आली की नाही हे बघायला सगळ्यांनी ईमेल छापून पाहिले. गेटवर 'आम्ही पृथ्वीसोबत' असा वीस फुटी प्लास्टिकचा बॅनर लावला. तीन महिन्यांत उन्हाने त्यावरची अक्षरं खाऊन टाकली, म्हणजे हवामानानेही आपली बाजू मांडली. कंपाउंडला सहा रोपं लावली. पाच मेली. सहावं एसीच्या टपकणाऱ्या पाण्याखाली येत होतं, ते तरारलं.

पण पत्रातलं मुख्य कलम वेगळंच होतं. कापड बेतताना ज्या चिंध्या पडतात त्या वर्षभर एकही न टाकता साठवायच्या, पारदर्शक पिशव्यांत भरायच्या, वजन करून चिठ्ठी लावायची. वर्षअखेर तपासनीस येऊन ते वजन पडताळणार. या आकड्याला बेसलाइन म्हणायचं, आणि पुढची सगळी वर्षं त्या आकड्यापेक्षा खाली राहायचं. बेसलाइन नसेल तर सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नसेल तर ऑर्डर नाही. आणि ऑर्डर नसेल तर एकतीस शिंपी, एक कटिंग मास्तर आणि एक प्रॉडक्शन मॅनेजर यांचे व्हिसा रद्द होऊन सगळे एकाच विमानाने गावाला. धनंजयची मुलगी पूर्वा बारावीला होती. फेब्रुवारीत बोर्ड.

कटिंग मास्तर म्हणजे हुसैनमियाँ. दाभोळचे, साठीला टेकलेले, सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी उभे. त्यांचा हात असा की दुसऱ्या कारखान्यांत आठवड्याला जेवढ्या चिंध्या पडतात तेवढ्या त्यांच्याकडे दोन महिन्यांत पडत नसत. एका झग्याच्या गळ्यातून निघालेल्या गोलातून ते दुसऱ्याचा खिसा काढायचे. वर्षभरात तीस पिशव्या भरल्या, तीनशे बहात्तर किलो. मागच्या गोडाउनमध्ये त्या ओळीने लावलेल्या होत्या. किल्ली मास्तरांच्या कमरेला.

ऑगस्टमध्ये धनंजय बायकोमुलीला घेऊन सलालाहला गेला. मस्कतला तेव्हा गाडीच्या दारालाही हात लावता येत नाही आणि सलालाहला स्वेटर लागतो, त्यामुळे ओमानातली निम्मी जनता तिथेच असते. गुरुवारी दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळं पीत असताना ईमेल आला. तपासनीस बाई रविवारी सकाळी दहाला कारखान्यात पोहोचतील.

त्याने तिथूनच फोन लावला. "मास्तर, रविवारी बाई येतेय. दुबईहून. सगळं नीट आवरून ठेवा हां. पहिलं इंप्रेशन चांगलं पडलं पाहिजे."

"तुमी बिनघोर ऱ्हावा, साहेब," मास्तर म्हणाले. "पावन्याला नाव ठेवायला जागा ठेवनार नाय."

धनंजय बिनघोर राहिला. एकोणीस वर्षांत त्याने केलेली ही एकमेव चूक नव्हती, पण अंगाशी येणारी हीच.

रविवारी साडेआठला तो कारखान्यात आला तेव्हा गेटपासूनच फिनाइलचा वास येत होता. मशिन्स पुसलेल्या, पंख्यांची पाती चकाकणारी. बोळातले खोके गेलेले. ऑफिसातल्या दोन टणक लाकडी सोफ्यांवर नव्या, फुगलेल्या, जास्वंदीच्या छापाच्या गाद्या होत्या. टेबलावर खजुराची बशी झाकून ठेवलेली. धनंजयला भरून आलं.

"मास्तर, कमाल केलीत."

"सगळ्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी राबून केलाय," मास्तर म्हणाले. "आनि ह्या सोफ्याच्या गाद्या आमच्या खुदेजाने. म्हनली, पावनी फळकुटावर बसनार काय?"

"भाभींना सांगा, फार छान झाल्यात. चला, आता गोडाउन एकदा बघून घेऊ."

गोडाउन उघडलं. इतकं स्वच्छ गोडाउन धनंजयने आयुष्यात पाहिलं नव्हतं. फरशी आरशासारखी. कोपऱ्यात उदबत्ती. बाकी काही नाही.

"पिशव्या?" धनंजयने विचारलं.

"कुठच्या?"

"चिंध्यांच्या, मास्तर! तीस पिशव्या!"

"त्या होय." मास्तर हसले. "तो कचरा काडला ना सगळा. पावनी येनार आनि घरात वरसभराचा कचरा?"

धनंजय दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "मास्तर, ती बाई कचराच बघायला येतेय."

हुसैनमियाँनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. उन्हात हजार किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाकडे बघतात तसं. "साहेब, दुबईवरनं, विमानाने, बाईमानूस, आपला कचरा बघायला येनार?"

"हो!"

"या अल्ला," मास्तर म्हणाले आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले.

चिंध्या फेकल्या नव्हत्या, एवढीच काय ती आशा. कापड फेकणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी बसने पिशव्या कामगार राहायचे त्या कॅम्पवर नेल्या, रिजेक्ट झालेले तागे फाडून खोळी शिवल्या आणि शुक्रवारी दिवसभरात एकतीस शिंप्यांनी एकतीस गाद्या आणि एकतीस उशा भरून टाकल्या. शिंप्याला खोळ शिवायला कितीसा वेळ लागतो!

"एक मार्ग आहे," धनंजय घड्याळ बघत म्हणाला. "दीड तास आहे. मागे कॉटनचे तागे पडलेत. कापून चिंध्या करू. तीनशे बहात्तर किलो."

मास्तर उठले. कात्री टेबलावर होती, तिच्यापर्यंत गेले, हातात घेतली. मग जागच्या जागी ठेवली.

"नवा कापड?"

"हो."

"कचरा कमी हाय हे दाखवायला नव्या कापडाचा कचरा करायचा?"

"मास्तर, बारावीला आहे हो पूर्वा."

"माझ्या घरीपन पोरी होत्या ना, साहेब. मला काय कळत नाय? पन हात नाय उठनार. तुमी कापा."

धनंजयने कात्री उचलली. निळा तागा पसरला. बेतायच्या कात्रीला वजन असतं आणि ती ज्याच्या हातात बसलेली असते त्याच्याखेरीज कुणाला दाद देत नाही. दहा मिनिटांनी त्याच्याकडे साडेसातशे ग्रॅम चिंध्या आणि अंगठ्याला फोड होता. या वेगाने जाणूनबुजून पृथ्वीचा नाश करायला त्याला तीन दिवसांहून जास्त लागले असते. त्याने कात्री खाली ठेवली.

तपासनीस बाई बरोबर दहाला आल्या. बाई कसल्या, अठ्ठावीस वर्षांची मुलगी. अफशीन मुकादम. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर हसायचं की नाही हे नियमात शोधावं लागेल असा भाव.

"मुकादम?" हुसैनमियाँ तिथेच अडकले. "म्हसळ्याचे?"

"येस... हो. माझे आजोबा म्हसळा. मी कुवेतमध्ये बॉर्न."

"मुकादमांची पोर!" मास्तरांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "बेटी, तुझ्या आजोबांच्या गलबतावरनं माझ्या बापाने..."

"चाचा, प्लीज," अफशीन घाईने म्हणाली. "आपण नातेवाईक असलो तर मला फॉर्म भरावा लागतो."

मास्तरांनी मग खजूर पुढे केले, तर त्यालाही फॉर्म होता. तपासणीच्या ठिकाणी भेटवस्तू किंवा खाद्यपदार्थ घेता येत नाहीत. चहा चालेल, पण बिनसाखरेचा. हे शेवटचं नियमात नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. ती जास्वंदीच्या गादीवर टेकली, टॅब उघडला आणि घोकून आणलेल्या मराठीत म्हणाली, "मला आता तुमचा कचरा पाहायचा आहे."

धनंजयने आधी प्रेझेंटेशन दाखवलं. त्यात ते तरारलेलं सहावं रोप चार वेगवेगळ्या कोनांतून होतं. मग बॅनर दाखवला. अफशीनने कोऱ्या प्लास्टिककडे बराच वेळ पाहून काहीतरी टिपून घेतलं. मग चहा. मग दुसरा चहा. शेवटी ती म्हणाली, "मिस्टर खातू, गोडाउन?"

आता बोलायला हवं होतं. धनंजयने तोंड उघडलं, पण आवाज मास्तरांचा आला.

"बेटी, कचरा नाय. तू येनार म्हनून आमी साफसफाई केली. साहेबांचा दोष नाय. साहेब सलालाहला होते. मी केला."

अफशीन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "तुम्ही ऑडिटच्या आधी... एव्हिडन्स साफ केला?"

"फिनाइल घालून," मास्तर म्हणाले. एकदा खरं बोलायचं तर सगळंच.

तिने डोळे मिटून घेतले. धनंजयला वाटलं, विमानाचं तिकीट आताच काढलं तर जरा स्वस्त पडेल. पण मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "कुवेतमध्ये," ती म्हणाली, "क्लीनिंगवाली बाई येणार असली की त्याच्या आधी माझी मम्मी पूर्ण घर क्लीन करते." मग लगेच चेहरा परत नियमात बसवून, "मटेरियल आता कुठे आहे?"

"पोरांच्या अंगाखाली."

ओमप्रकाश हा कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. पंधरा वर्षं तो रोज सकाळी शिंपी आणायचा आणि संध्याकाळी नेऊन सोडायचा. बिछाना आणायला त्याला प्रथमच पाठवलं होतं. दीड वाजता बस आली तेव्हा एकेका सीटवर एकेक गादी बसवलेली होती, मांडीवर उशी.

"साब," तो खाली उतरत म्हणाला, "ज़िंदगी में पहली बार किसी सवारी ने एसी तेज करने को नहीं बोला."

वजनकाटा अंगणात छपराखाली मांडला. एकेक शिंपी आपापली गादी ओळखून घेऊन रांगेत उभा राहिला. गाद्या एकापेक्षा एक झकपक. दुबळ्या नुमानच्या वाट्याला सोनेरी मोर आले होते, तर बिहारकडच्या दोघा भावांच्या गाद्या लग्नाच्या अबायाला शोभतील अशा काळ्या-चंदेरी. अफशीन वजन घेई, टॅबवर नोंदवी, त्यातून खोळीचे सहाशे ग्रॅम वजा करी. उशीच्या खोळीचे दीडशे. खोळ रिजेक्ट ताग्याची होती, म्हणजे चिंधी नव्हे, म्हणजे तिचा रकाना वेगळा. तिच्या काटेकोरपणावर हळूहळू सगळ्यांचा जीव जडायला लागला. मास्तर तर मुग्धच झाले होते. "मापाला पक्की हाय," ते धनंजयच्या कानात म्हणाले. "कटिंगला बसवली असती."

मध्येच तिने नुमानला विचारलं, "याच्या आधी कशावर झोपत होता?"

नुमानने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आभाळाकडे.

"स्पंज होता," नुमान म्हणाला. "मधे बसलेला. आमचा मेहुना नोकरी सोडून गेला, त्याचा."

"किती वर्ष?"

"मेहुना? सात झाली. स्पंज त्याच्या आधीचा."

अफशीनने एक ओळ टॅबमध्ये लिहिली. धनंजयला ती वाचता आली नाही, पण ती ओळ आपल्याच नावावर जमा झाली हे त्याला समजलं. वर्षभर तो पृथ्वीची काळजी करत होता. कॅम्प पृथ्वीवरच होता, आणि त्या स्पंजावरून त्याची नजर कितीदा तरी फिरली होती.

साडेतीनला शेवटची उशी उतरली. सगळे ऑफिसात आले. अफशीन सोफ्यावर बसली, धनंजय समोरच्या सोफ्यावर, मास्तर दाराशी, ओमप्रकाश दारात, त्याच्या मागे खिडकीला लागलेले दोनतीन शिंपी. अफशीनने बेरीज केली. मग परत केली.

"तीनशे एकसष्ट," ती म्हणाली. "अकरा किलो कमी."

"अकराच ना," धनंजय म्हणाला.

"दोन टक्के अलाउड आहे. म्हणजे सात किलो चारशे. अकरा नाही चालत." ती खरंच कष्टी झालेली दिसली. "मिस्टर खातू, मला पास करायचं आहे. पण मला हे अकरा किलो पाहिजेत. माझी फ्लाइट साडेसातला."

पूर्वाचं फिजिक्सचं पुस्तक, बायको किशोरीची अल हैलच्या घराच्या बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी, एकतीस पासपोर्ट, असं सगळं धनंजयच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने मदतीसाठी मास्तरांकडे पाहिलं आणि दचकला. हुसैनमियाँ घामाने डबडबले होते. त्यांची नजर अफशीनच्या गुडघ्यांच्या जरा खाली खिळली होती आणि ते ती तिथून हलवू शकत नव्हते.

धनंजय त्यांच्याजवळ गेला. "काय झालं?"

"सोफा," मास्तर पुटपुटले. "सोफ्याच्या गाद्या. खुदेजाने पिशवीभर नेलान होतान."

"मग सांगा ना!"

"कसा सांगू? घरी आलेल्या लेकीला ऊठ म्हनू? मुकादमांच्या नातीला?"

धनंजयने वळून पाहिलं. मुलगी त्या गादीवर बसली होती, सकाळपासूनची दमणूक, एक पाय चपलेतून अर्धा बाहेर. ज्या बाईने खजूर घेतला नाही तिला, बाई, तुम्ही सकाळी आमच्या भेटवस्तूवर बसलात, हे सांगणं त्यालाही जमेना. "तुम्हांला जरा... बाहेरचं रोप बघायचंय का?" त्याने विचारलं.

"मी चार वेळा पाहिलं," अफशीन म्हणाली.

"उन्हातलं वेगळं दिसतं."

"मिस्टर खातू, इज समथिंग राँग?"

शेवटी ओमप्रकाश पुढे झाला. बस ड्रायव्हरला माणसं उठवायची सवय असते.

"मैडम," तो म्हणाला, "ज़रा खड़े हो जाइए. आप माल पे बैठी हैं."

अफशीन उठली ती उडीच मारून. तिने मागे वळून गादीकडे पाहिलं, धनंजयच्या गादीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग जी हसायला लागली ती नियमाबियमांच्या पलीकडे. खिडकीतले शिंपी हसले, ओमप्रकाश हसला, आणि हुसैनमियाँ हसता हसता खाली बसले.

दोन्ही गाद्या काट्यावर गेल्या. खोळी वजा जाता दहा किलो सहाशे.

"चारशे ग्रॅम अजून कमी," अफशीन म्हणाली. "चालेल."

त्यानंतरचा अर्धा तास तिने दुबईच्या साहेबांशी फोनवर घातला. फॉर्ममध्ये कचऱ्याचे चारच प्रकार होते. पुरला, जाळला, पुनर्चक्रित केला, किंवा जसाच्या तसा वापरला. शेवटच्या प्रकाराला सर्वांत जास्त गुण होते, पण आजवर तो कुणी निवडलाच नव्हता म्हणून त्याच्या खालचे रकाने कुणाला ठाऊक नव्हते. ते उघडल्यावर कळलं की त्यात वापरणाऱ्याचं नाव आणि वस्तूचं अंदाजे आयुष्य लिहायचं असतं. एकतीस नावं लिहिली गेली. आयुष्याच्या रकान्यात अफशीनने मास्तरांना विचारलं.

"शिलाई माझ्या नजरेखालची हाय," ते म्हणाले. "लिव, व्हिसा असेल तवर."

तिने दहा वर्षं लिहिलं.

जाताना तिने धनंजयच्या हातात अहवालाची प्रत दिली. पास. खाली एक सूचना होती. कामगारांना झोपण्याची साधने कंपनीने स्वतःहून पुरवावीत, ऑडिटची वाट पाहू नये. धनंजयने ती दोनदा वाचली आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवली, हरवायला नको म्हणून. मग मास्तरांकडे वळून अफशीन हळूच म्हणाली, "चाचा, आता ऑडिट खलास. आजोबांच्या गलबताचं काय होतं?" ते ऐकायला ती विमानतळाच्या टॅक्सीला वीस मिनिटं थांबवून उभी राहिली, आणि खजूर दोन खाल्ले. तिसरा पर्समध्ये टाकला.

अर्बाबांचा फोन आला तो ती गेल्यावर.

"धनंजय, खलास?"

"खलास, अर्बाब. पास."

"बघ, म्हटलं होतं ना इन्शाल्ला. काही त्रास?"

"नाही. गाद्यांचं एक बोलायचं होतं. पलंगांचंही."

"बोल की. यल्ला."

धनंजय बोलला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तो खर्चाचा हिशेब करण्याआधी बोलला, त्यामुळे जरा अडखळला, पण अर्बाबांनी ऐकून घेतलं. पलंग पुढच्या महिन्यात आले.

युरोपातल्या कंपनीने ही सगळी हकिकत आपल्या वार्षिक अहवालात छापली. तिचं नाव त्यांनी 'सर्क्युलर स्लीप' ठेवलं. सोनेरी मोरांवर डोकं टेकून पहुडलेल्या नुमानचा मोठा फोटो होता. पुढच्या वर्षासाठी अशा उशांत तीस टक्के वाढ करावी असं उद्दिष्ट दिलं होतं, आणि त्याचबरोबर चिंध्यांत तीस टक्के घट. ही दोन उद्दिष्टं एकमेकांना भेटली की काय करायचं, हे धनंजयने पुढच्या वर्षावर सोडलं.

पण ते सगळं नंतर. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी मास्तरांनी खातू कुटुंबाला जेवायला बोलावलं. अल हैलमध्ये दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. खुदेजाभाभींनी माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. पूर्वा न्यूटनला विसरून खात होती.

"भाभी, तुमच्या सोफ्याच्या गाद्यांनी आम्हांला वाचवलं," धनंजय म्हणाला.

"कसला वाचवला! ती पोर उठेपर्यंत ह्यांचा जीव जात होता म्हनं. मला फोन केला असतात, मीच सांगितला असता, ऊठ गं म्हनून."

जेवण झालं. बायका आत गेल्या. मास्तर भिंतीला टेकले तसे लगेच घोरायला लागले. भाभींनी धनंजयपुढे चहाची किटली आणून ठेवली. किटलीवर ऊब टिकावी म्हणून कापडाचं जाडजूड टोपडं घातलेलं होतं. जास्वंदीच्या छापाचं. आत दडस काहीतरी भरलेलं.

धनंजयने टोपडं उचललं, हातात तोललं. चारशे ग्रॅम. फार तर दहावीस इकडेतिकडे.

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग टोपडं परत किटलीवर नीट बसवलं, कप भरून घेतला आणि गार होईपर्यंत वाट बघायची गरज नसताना तसाच हातात धरून बसला. बाहेर एक्केचाळीस अंश होतं. त्यात त्याच्याकडून आज तरी काही वाढ होणार नव्हती. त्याने चहा प्यायला, मास्तरांच्या शेजारी उशी ओढली आणि पाचव्या मिनिटाला तोही घोरू लागला.